विद्येशपथ, बाई!

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा अख्ख्या शाळेवर लिहायचं ठरवलं होतं, पार, गॅदरिंग, सगळं. पण दोनदा बसलो आणि दोन्हीदा आपल्या मराठीच्या बाईच समोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणून बाकीचं बाकीचे लिहितील.

आठवीत नकाशांच्या कपाटाची काच फुटली होती, आमच्या बॅचला आठवत असेल. नाव माझ्या बेंचवरच्या मित्राचं आलं. मी ताडकन उठलो, गळ्याला चिमटा धरला आणि म्हणालो, "विद्येशपथ बाई, हा मधल्या सुट्टीत ग्राउंडवरच होता!" बाईंनी एवढंच विचारलं, "तू पाहिलंस?" आता मी तर तेव्हा गेटबाहेर चिंचा घ्यायला गेलेलो. गप्प बसलो. तेवढ्यात पी.टी.चे सर आले आणि म्हणाले, हा पूर्ण सुट्टीभर माझ्यासोबत खो-खोचं मैदान आखत होता. म्हणजे माझं खरंच निघालं की! मी कॉलर ताठ केली, तर बाई म्हणाल्या, "तो सुटला. तू नाही सुटलास. तुझी साक्ष खोटीच."

मग धडा बाजूला ठेवून पूर्ण तास तेच. साक्ष म्हणजे स अधिक अक्ष, डोळ्यांसकट. डोळ्यांनी बघितलंच नाही तर साक्ष कसली? शपथ आपण घेतो, दुसऱ्याला घालतो, आणाभाका दोघं मिळून घेतात. शपथ मोडणं वेगळं आणि खोटी शपथ घेणं वेगळं, मोडणारा शब्द देताना खरा असू शकतो, नंतर फिरतो, खोटी शपथ घेणारा बोलतानाच खोटा असतो. खोट्या साक्षीला कूटसाक्ष हा जुना शब्द, बेलभंडार उचलून शपथ घ्यायची पूर्वीची रीत, सगळं सांगितलं. मागून कोणीतरी 'नरो वा कुंजरो वा' काढलं, तर बाई म्हणाल्या, धर्मराज काय शपथेवर नव्हता, तरी रथ चार बोटं खाली आलाच ना!

पुढे लॉ कॉलेजला भारतीय दंड संहितेचं कलम १९१ वाचताना अंगावर काटा आला. त्याच्या स्पष्टीकरणातच आहे, जे आपल्याला माहीत नाही ते माहीत आहे म्हणून सांगणं हाही खोटा पुरावाच. आठवीतला मी डिट्टो! आता १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम २२७ झालंय, आणि न्यायालयीन कामकाजात असं केलं तर २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत कैद.

मी तालुक्याला वकिली करतो, नोटरीही आहे. रोज कोणीतरी येतं, "साहेब, साक्षीदार फितूर झाला, शपथभंगाची केस टाका." मग मी बाईंसारखाच सुरू होतो. फितूर म्हणजे ज्यांनी बोलावला त्यांच्याच विरुद्ध उलटला. पण पोलिसांनी तपासात लिहून घेतलेला जबाब शपथेवर नसतो, त्यामुळे कोर्टात वेगळं बोलला म्हणजे लगेच खोटी साक्ष होत नाही. झाली तरी तक्रार कोर्टानेच करावी लागते, आपल्याला हवी तशी केस टाकता येत नाही. आणि गीतेवर हात फक्त सिनेमात हो, १९६९ च्या शपथ कायद्यात कुठल्या ग्रंथाचं नावच नाही, ईश्वरसाक्ष म्हणा नाहीतर गांभीर्यपूर्वक सांगतो म्हणा. अ‍ॅफिडेव्हिटवर न वाचता सही ठोकणारे बघितले की मात्र डोकं फिरतं.

आता आपल्या शाळेत सेमी-इंग्लिश आहे, मुलांना 'प्रॉमिस' माहीत आहे, शपथेतून सोडवणारं 'सुटली म्हण' माहीत नाही. वाईट वाटतं.

कार्यक्रमाचं निमंत्रण आल्यावर बाईंना फोन केला. आवाज तस्साच. काचेची गोष्ट काढली तर लगेच म्हणाल्या, "मग फोडली कोणी होती रे शेवटी?" म्हटलं, बाई, खरंच माहीत नाही. त्या हसल्या, "हं, आता कशी नीट साक्ष दिलीस."

कार्यक्रमाच्या दिवशी बाईंना आणायला माझी गाडी जाईल, कमिटीने दुसरी सोय करू नये.