डेशियसचं चौकोनी कुटुंब

रोमन नाणी जमवणारे बरेच जण 'बारा सीझर'पासून, म्हणजे ज्युलियस सीझर ते डोमिशियन या पहिल्या बारा राज्यकर्त्यांपासून सुरुवात करतात. त्यात ओथो नावाचे एक गृहस्थ आहेत. इ.स. ६९ मध्ये त्यांनी जेमतेम तीन महिने राज्य केलं आणि पुढच्या सगळ्या संग्राहकांच्या खिशाला कात्री लावून ठेवली. पगारदार माणसाचा संच तिथेच अडकतो. मला पुरा होईल असा संच हवा होता. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर इथल्या नाणेविक्रेत्यांच्या मेळ्यांत फिरू लागले आणि तिथे रोमन सम्राट डेशियस भेटला. राज्य २४९ ते २५१, म्हणजे धड दोन वर्षंही नाहीत. नवरा, बायको, दोन मुलगे. अगदी चौकोनी कुटुंब!

आई-वडील चटकन मिळाले. दोघांची अँटोनिनियानस नाणी भरपूर आहेत, बरी म्हणावीत अशी ४०-५० पौंडांत येतात. अँटोनिनियानस म्हणजे कागदोपत्री दोन दिनारियसच्या (रोमनांच्या जुन्या चांदीच्या नाण्याच्या) मोलाचं नाणं, पण या काळात त्यात चांदी निम्म्याहूनही कमी. सम्राट असेल तर डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट, सम्राज्ञी असेल तर खांद्यांमागे चंद्रकोर. डेशियसची बायको एत्रुस्किला इतिहासकारांच्या लिखाणात जवळजवळ नाहीच; तिची ओळख उरली ती नाण्यांवर आणि शिलालेखांत. माझ्या नाण्याच्या मागच्या बाजूला पुदिकितिया बसली आहे, शालीनतेची देवता, एका हाताने चेहऱ्याजवळचा पदर सावरत. असला पदर आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाच्या अल्बममध्ये सापडेल.

खरा कस मुलांनी पाहिला. थोरला हेरेनियस एत्रुस्कस, धाकटा होस्टिलियन. दोघं कोवळ्या वयाचे, आणि साच्याच्या कारागिराने दोघांना जवळपास एकच चेहरा दिलाय. धाकट्याची नाणी कमी, म्हणून भाव जास्त. एका मेळ्यात 'होस्टिलियन' अशी चिठ्ठी लावलेलं आणि होस्टिलियनच्याच किमतीचं नाणं हातात घेतलं, भिंग लावलं, तर अक्षरांची सुरुवात 'क्यू हेर एत्र' अशी. म्हणजे थोरला. विक्रेत्याने निमूटपणे चिठ्ठी बदलली, किंमत मात्र तीच ठेवली. तेव्हापासून मी चेहरा बघतच नाही, डावीकडचं पहिलं अक्षर बघते: क्यू असेल तर थोरला, सी असेल तर धाकटा.

होस्टिलियन शेवटी लिलावातच शोधावा लागला, आणि लिलाव म्हटला की नकली माल आलाच. मी जुन्या लिलावांचे फोटो एकाशेजारी एक लावून बघते. एकाच साच्यातून निघालेल्या दोन नाण्यांवर साच्याची भेग सारखी येऊ शकते. पण नाणं पाडून झाल्यावर, वापरात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर एकाच जागी कसा येईल? मला आवडलेल्या एका होस्टिलियनच्या कानामागे बारीक खड्डा होता. दुसऱ्याच विक्रीतल्या 'वेगळ्या' नाण्यावर तोच खड्डा, तिथेच. एका मूळ नाण्यावरून ओतलेली ही भावंडं. सोडून दिलं.

पुढे एक सरळ नाणं मिळालं, युरोपातल्या लिलावात. बोलीच्या वर २० टक्क्यांच्या आसपास कमिशन असतं, हे नवख्यांनी आधीच हिशेबात धरावं. कुरिअरवाल्यांनी पाकिटातला माल 'धातूच्या वस्तू' ठरवून २० टक्के व्हॅट लावला. वास्तविक संग्राह्य नाण्यांना इथे आयातीवर ५ टक्केच पडतो. फरक परत मिळाला, पण फॉर्म, ईमेल, पुन्हा तेच फॉर्म असं करत. विक्रेत्याला पाकिटावर ९७०५ हा कस्टम्सचा संकेतांक लिहायला सांगितलं की हा ताप वाचतो.

या पोराचं, होस्टिलियनचं, आयुष्य वाचून मला त्याची थोडी कीवच आली. २५१ साली आजच्या बल्गेरियातल्या अब्रिटसजवळ गॉथ टोळ्यांशी लढताना वडील आणि थोरला भाऊ एकाच मोहिमेत मारले गेले. परकीय शत्रूशी लढताना पडलेला पहिला रोमन सम्राट तो हा डेशियस. नव्या सम्राटाने, गॅलसने, होस्टिलियनला सहसम्राट केलं. त्याच वर्षी तोही गेला, बहुधा साथीच्या रोगाने.

संच पुरा झाला, तरी माझं सगळ्यात लाडकं नाणं त्याच्या बाहेरचं, डेशियसचंच दुसरं. डेशियसच्या काळात जुने दिनारियस टांकसाळीत आणून त्यांच्यावरच अँटोनिनियानसचा नवा ठसा मारला जाई. त्याच चांदीला दुप्पट मोल! माझ्या नाण्यावर डेशियसच्या हनुवटीखाली जुन्या नाण्याची उलटी अक्षरं दिसतात, आणि मूळ तुकडा लहान असल्यामुळे नव्या नावाची निम्मी अक्षरं कडेबाहेर गेली आहेत. आमच्या नाशिककरांना हे काही नवं नाही. १९०६ साली जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारला होता. सातकर्णीला जिंकल्याची द्वाही फिरवायची होती, डेशियसला पैसा पुरवायचा होता.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं मग येताना घेऊन ये की!" ते जमायचं नाही. भारतात शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं, एकदा आत गेलं की परत बाहेर काढणं महाकठीण. म्हणून फोटो पाठवले. आता आमचा वाद त्या उलट्या अक्षरांवर चालू आहे: मूळ नाणं डेशियसच्या आधीच्या कुठल्या सम्राटाचं? 'एस-ई-व्ही' एवढंच वाचता येतं. बाबा म्हणतात सेप्टिमियस सेवेरस, कारण अक्षरांजवळ दाढीचा काठ दिसतो. मी म्हणते अलेक्झांडर सेवेरस, आणि ती दाढी डेशियसचीच आहे.