जानापाव: गाडी खालीच ठेवा

मागच्या रविवारी पुण्याहून आलेल्या आतेभावाला घेऊन इंदूरजवळच्या जानापाव डोंगरावर गेलो. महू मागे पडलं आणि मुंबई रस्त्यावरून डोंगर दिसला, तसा तो म्हणाला, "हेच का तुमचं शिखर? सिंहगडाच्या कमरेलासुद्धा लागणार नाही!" खरंच आहे. उंची ८५४ मीटर, म्हणजे इंदूरपेक्षा जेमतेम तीनशेनं जास्त. पण माळव्याच्या सपाटीत राहणाऱ्यांना हाच सह्याद्री.

इंदूरहून साधारण ४५ किलोमीटर. फाटा मानपूरच्या अलीकडे. डांबरी सडक थेट वर मंदिरापर्यंत जाते, आणि त्यामुळेच पावसाळ्यातल्या रविवारी वर नुसत्या गाड्याच गाड्या. आम्ही गाडी पायथ्याशी लावली आणि सातच्या आत पायवाट धरली.

इथली काळी माती ओली झाली की सोडत नाही. दर दहा पावलांनी बुटाखाली भाकरीएवढा थर जमायचा, मग काडी शोधा, खरवडा. सिंहगडवाल्यांचे बूट नवे, पांढरे. पहिल्याच वळणावर भाऊसाहेब बसते झाले. मी हसलो नाही, म्हणजे मोठ्यानं नाही. तेव्हा खाचांच्या तळाचे जुने बूट घाला, हातात काठी असू द्या. दुसरा मोज्यांचा जोड मी विसरलो होतो, तुम्ही विसरू नका.

तासाभरात वर. जमदग्नींचा आश्रम, परशुरामांचं जन्मस्थान म्हणून मान असलेली जागा, आणि कुंड. चंबळ नदीचा उगम इथलाच. चंबळ म्हटलं की बेहड, म्हणजे मातीच्या खोल घळी, आणि डाकू आठवतात. इथे ती एवढी गरीब! तिचं पाणी उत्तरेला यमुनेकडे जातं, दक्षिण उतारावरचं नर्मदेकडे. भावानं बाटलीतलं उरलेलं पाणी अर्धं या बाजूला, अर्धं त्या बाजूला ओतलं. "हे बंगालच्या उपसागराला, हे अरबी समुद्राला."

न्याहारी घरूनच न्या. आमच्या दशम्या आणि लसणाची चटणी ढगात बसून संपली. कार्तिकी पौर्णिमेला इथे जत्रा असते. शांतता हवी असेल तर तो दिवस टाळा. उन्हाळ्यात मात्र जाऊच नका, डोंगर पार उघडा पडतो.

अकराला उतरलो तेव्हा सडकेवर गाड्या मुंगीच्या चालीनं वर सरकत होत्या. काचेआडून एक काका विचारत होते, "अहो, अजून किती?" पायी वीस मिनिटं, मी म्हणालो.

पांढरे बूट आईनं दारातच अडवले. अजून गॅलरीत वाळताहेत.