मृग लागला की माझं वाचन बंद

आज वेचणीच्या बायांचा हिशेब झाला अन मग मोबाइल काढून दुसरा हिशेब उघडला, गुडरीड्सचा, म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या ॲपचा. पोरगं म्हणते बाबा तुम्ही वाचता कमी अन नोंदीच जास्त ठेवता. म्हणू दे बापा.

त्यातलं ते चॅलेंज, वर्षात किती पुस्तकं वाचणार तो आकडा टाकायचं, ते मात्र आपल्याकडच्या माणसासाठी नाहीच. जानेवारी ते डिसेंबर धरते ते, अन माझं वाचनाचं वर्ष तूर निघाली की सुरू होते ते मृगापर्यंत. पेरणी, डवरणी, फवारणी, मग सोयाबीन, यात पुस्तक कोण हातात घेते? अन नेमकं जुलैत हे ॲप सांगते, तुम्ही इतकी पुस्तकं मागे आहात. मागे आहो ना, पाऊस पण मागे आहे, त्याले सांग. यंदा आकडाच टाकला नाही.

नोंद ठेवायला मात्र मजा येते. तालुक्याच्या वाचनालयातून एक जुनं प्रवासवर्णन आणलं, शिवण सुटलेली, पानं पिवळी. स्कॅन करावं तर बारकोडच नाही, असणार कुठून, बारकोडमधला आयएसबीएन नावाचा पुस्तकाचा नंबरच जगात १९७० च्या आसपास आला अन हे त्याच्याही आधीचं. नाव देवनागरीत टाकलं, इंग्रजीत टाकलं, कधी एक ए कधी दोन ए, नाही म्हणजे नाहीच. मग हातानंच भरलं, नाव, लेखक, प्रकाशक, पानं, अन खाटेवर ठेवून कव्हरचा फोटो. स्टार द्यायचे होते साडेतीन पण इथे अर्धा नसतेच, स्टोरीग्राफ या दुसऱ्या तसल्याच ॲपवर म्हणे पाव सुद्धा देता येते. दिले चार.

खरा रिव्ह्यू तर पुस्तकातच होता. लेखकानं घाट चढताना नदी उजवीकडे लिहिली तिथं कोणीतरी समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'चूक. डावीकडे. मी स्वतः गेलो आहे.' अन पुढच्या पानावर, 'हे मात्र खरे.' असा वाचणारा ॲपवर सापडला तर लगेच फॉलो करीन, तिथं अर्धे लोक नुसतं 'मस्त' लिहून पाच स्टार देतात. ती दोन्ही वाक्यं मी रिव्ह्यूत तशीच टाकली, खाली लिहिलं की माझी नाहीत.

संध्याकाळी पाहतो तर कोणीतरी ते पुस्तक 'वॉन्ट टू रीड', म्हणजे वाचायचंय, या यादीत टाकलेलं. आता त्याले मिळणार कुठून, माझ्या माहितीतली एकच प्रत अन ती माझ्या खाटेवर. बाजाराच्या दिवशी परत करून येतो.