दोरा तोच, टाचण्या दुसऱ्या

इयत्ता नववीत भूमितीच्या तासाला सरांनी एका लाकडी तक्त्यावर दोन टाचण्या ठोकल्या, दोऱ्याची दोन टोके त्यांना बांधली आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरत लंबवर्तुळ काढले. मग दोरा तोच ठेवून टाचण्या तेवढ्या एकमेकींपासून दूर सरकवल्या, आणि तेवढ्याच लांबीचे, पण अधिक चपटे लंबवर्तुळ काढून दाखवले. परीक्षेत यावर काय विचारतील, यापलीकडे मला त्याचे काही वाटले नव्हते. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा मात्र हाच तास प्रथम आठवला, कारण त्यातून शिकलेल्या गोष्टीने पुढे माझे चौदा महिने खाल्ले.

दुसऱ्या महायुद्धातील ‘स्पिटफायर’ या ब्रिटिश लढाऊ विमानाची, मूळच्या एक-पंचमांश आकाराची आणि रेडिओवर उडणारी प्रतिकृती मी बांधली. आर. जे. मिचेल यांनी आराखडा केलेले मूळ विमान ५ मार्च १९३६ रोजी प्रथम उडाले. त्याच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर होता, म्हणजे माझ्या विमानाचा सुमारे २.२५ मीटर. या पंखांना आपण सरसकट लंबवर्तुळाकार म्हणतो. पण नकाशा नीट पाहिला तर पुढची कड एका लंबवर्तुळाची आणि मागची कड दुसऱ्या, अधिक फुगीर लंबवर्तुळाची आहे, आणि दोन्हींचा दीर्घ अक्ष एकच आहे, हे लक्षात येते. प्लायवुडच्या पूर्ण तक्त्यावर मी २.२५ मीटरचा दोरा बांधला, पुढची कड आखली, टाचण्या जवळ सरकवल्या आणि मागची कड आखली.

पंख दिसायला जितका देखणा, तितका बांधायला जिवावर येणारा. सरळ पंखाच्या विमानात एक साचा करून आतल्या फासळ्या ढिगाने कापता येतात. इथे एका पंखातील कोणत्याही दोन फासळ्या सारख्या नसतात, त्यामुळे बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाची प्रत्येक फासळी स्वतंत्र आखून, कापून, घासून घ्यावी लागते. त्यातच मूळ विमानाच्या पंखाला एक बारीक पीळ आहे. पंख मुळाशी, म्हणजे धडाजवळ, २ अंश वर रोखलेला असतो, तर टोकाशी अर्धा अंश खाली. त्यामुळे वेग फार कमी झाला की उचल आधी मुळाशी तुटते, टोके शेवटपर्यंत काम करत राहतात आणि विमान एकदम एका पंखावर कोसळत नाही. माझ्या आकारात हा पीळ म्हणजे टोकाजवळच्या २० सेंटीमीटर लांबीच्या फासळीची मागची कड जेमतेम ९ मिलिमीटर उचलणे. त्यासाठी खाली लाकडी पाचर ठेवून डिंक सुकू द्यायचा असतो. उजव्या पंखाखालची पाचर रात्रीत थोडी सरकली, आणि हे मला पंखावर बाल्साचे पातळ आवरण चिकटवून झाल्यावर कळले. दोन-तीन मिलिमीटरने काय होते, असे म्हणून मी ते सोडून दिले.

धडाबद्दल फार लिहीत नाही. समतोलाची गोष्ट मात्र सांगायला हवी. लांबी पाचपट घटली की घनफळ १२५ पट घटते. मूळ विमानाच्या नाकातले इंजिन सहाशे किलोंहून जड होते, त्या हिशेबाने माझ्याकडे पाच किलोंच्या आसपास वजन हवे होते. माझे ५० सीसीचे पेट्रोल इंजिन जेमतेम दोन किलोंचे. साहजिकच शेपूट खाली जाई, म्हणून नाकात शिसे भरावे लागले. इतके दिवस ग्रॅम ग्रॅम वाचवून शेवटी शिसे भरताना माणसाला जे वाटते, ते लिहिण्यासारखे नाही.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी वारा पडलेला होता. थ्रॉटल हळूहळू वाढवत नेला; प्रोपेलरच्या ओढीने विमान डावीकडे वळू पाहत होते, म्हणून रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, उजवीकडे धरून ठेवले. शेपूट उचलली गेली आणि काही क्षणांत अकरा किलोंचे ते धूड हवेत होते. सरळ उडताना ते सतत डावीकडे कलत होते. उजव्या पंखाला पीळ कमी, म्हणून उचल जास्त, हे तेव्हाच समजायला हवे होते. मी ट्रान्समीटरवर उजवीकडे ट्रिम, म्हणजे काठी न धरताही कायम राहणारा थोडा कल, दिली आणि दोष झाकला. विमान समोरून आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे भासते. तेव्हा जो पंख झुकलेला दिसेल त्याच बाजूला काठी द्यायची, हे घोकून ठेवले होते, त्यामुळे दोन फेऱ्या सुखरूप झाल्या.

उतरताना चाके बाहेर काढली, फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, खाली सोडले आणि वेग कमी केला. जमीन मीटरभर राहिली असताना उजवे टोक अचानक खाली गेले, गवतात रुतले, विमान गर्रकन फिरले आणि लाकडी प्रोपेलरचे दोन तुकडे झाले.

नंतर त्या पंखाची मागची कड चिरून उघडली, पीळ मोजून दुरुस्त केला आणि वर नवे आवरण बसवले. आता ते विमान ट्रिमशिवाय सरळ उडते. महोत्सवाच्या प्रदर्शनात ते मांडले आहे. उजव्या पंखाच्या टोकाशी रंगाचा एक जाडसर पट्टा दिसेल, तो त्या दुरुस्तीचा. शेजारी प्लायवुडचा तक्ताही ठेवला आहे. त्यावर टाचण्यांची चार भोके आहेत.