स्वतंत्र गाणं प्रोड्यूस करून बाहेर काढताना : माझा अनुभव

फोनवर रेकॉर्ड केलेला डमी (चालीचा कच्चा नमुना) हातात आला की मी आधी पट्टी पक्की करतो, साउंड नंतर शोधतो. इलेक्ट्रॉनिक गाण्यात पट्टी गळ्याइतकीच बेसलाही मानवावी लागते. गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर सब-बेसचा, म्हणजे सगळ्यात खालच्या बेसचा, षड्ज ५८ हर्ट्झच्या आसपास बसतो, आणि ही जागा उत्तम आहे. गायक काळी एकमध्ये असेल तर तोच षड्ज एकतर ३५ हर्ट्झवर जातो, जिथे बहुतेक स्पीकर हात टेकतात, नाहीतर ६९ वर चढून किकच्या, म्हणजे बेस ड्रमच्या ठोक्याच्या, अंगावर येतो. अशा गाण्यात मी बेसलाइन षड्जावर फार रेंगाळू देत नाही. खालच्या पंचमावर, म्हणजे ५२ हर्ट्झवर, तिला जास्त खेळवतो. गायकाला चालत असेल तर सरळ अर्धी पट्टी चढवून घेतो.

मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीच ऐकू येत नाही, आणि आपला बराचसा श्रोता तिथेच आहे. म्हणून बेसवर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी विकृती, हवं. मूळ स्वर ५८ चा असला तरी ११६, १७४ आणि २३२ हर्ट्झचे वरचे स्वरांश उभे राहतात आणि कान खालचा स्वर आपणहून भरून घेतो. ढोल-ताशा वापरायचा असेल तर ढोलाचा खर्ज आणि किक यांतलं एकच काही तरी खाली ठेवायचं, दुसऱ्याचा तळ कापायचा. ताशा वरच्या पट्ट्यात गायकाच्या स-श-च या अक्षरांवर चढतो. तो अंतऱ्यात दोन्ही बाजूंना पसरवला की शब्द मधे मोकळे राहतात. ढोलकीचं तयार सॅम्पल दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे चढवलं-उतरवलं तर शाईचा नाद खोटा वाटू लागतो. त्यापेक्षा वादकाला बोलावून त्या पट्टीत लावलेली ढोलकी वाजवून घेणं स्वस्त पडतं.

मिक्स झाल्यावर स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याची किंवा गटाची वेगळी ऑडिओ फाइल, काढणं हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. प्रत्येक स्टेम पहिल्या मात्रेपासून सुरू झाला पाहिजे, मधे शांतता असली तरी. फाइल २४ बिटची, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ लागतात हे आधीच विचारून घ्यायचं. शेवटी रिव्हर्बची शेपटी पूर्ण विरेपर्यंत जागा सोडायची. फाइलच्या नावात टेम्पो आणि पट्टी हवी. बेस किकला साइडचेन केलेला (किक वाजली की बेस दबेल असा जोडलेला) असेल आणि स्टेम काढताना किक म्यूट झाली, तर बेसची उसळी गायब होते. मास्टर बसवर, म्हणजे सगळं एकत्र येतं त्या वाटेवर, आवाज दाबणारा कॉम्प्रेसर असेल तर प्रत्येक स्टेम त्यातून वेगळा दाबला जातो आणि सगळ्यांची बेरीज मूळ मिक्सशी जुळत नाही. म्हणून स्टेम्स मी मास्टर बस मोकळा करून काढतो. मग मिक्सही तसाच मोकळा काढायचा, स्टेम्स नव्या प्रोजेक्टमध्ये एकत्र लावायचे आणि त्यांच्यावर तो मिक्स फेज उलटा करून ठेवायचा. शांतता आली तर काम पक्कं. काही ऐकू आलं तर जे ऐकू येतं तेच चुकलेलं आहे. अर्थात कोरस किंवा आपोआप हलणारे इफेक्ट दर वेळी थोडे वेगळे वाजतात. ते आधीच ऑडिओत उतरवून घ्यावे लागतात.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे मिक्सवरच्या शेवटच्या संस्कारांबद्दल, उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) हा आकडा सगळीकडे मंत्रासारखा फिरतो. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण त्या पातळीला गाणी आणतात, पण ते लक्ष्य नव्हे. पॉप-डान्सचं मास्टर उणे ८-९ ला असलं तर प्लॅटफॉर्म ते पाच-सहा डेसिबलने खाली आणतो, बस. तिथवर नेताना किकची धार बोथट झाली असेल तर मात्र ती परत मिळत नाही. निर्णय कानाने घ्यायचा. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, मात्र आकड्यानेच पाहायचा : कमाल उणे १ डेसिबल, आणि इतक्या मोठ्या मास्टरला उणे २. संकुचित स्वरूपात रूपांतर होताना शिखरं वर उसळतात आणि तिथे कर्कश फाट ऐकू येते.

आता कागद. मिक्सचे तज्ज्ञ गल्लोगल्ली सापडतात. मास्टरवर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रणावर, हक्क कोणाचा, हे अपलोडच्या आधी लिहून घेणारे कमी. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करायला पुढाकार घेणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा. आपण ज्या अर्थाने स्वतःला प्रोड्युसर म्हणतो तो माणूस आपोआप त्यात बसत नाही; पैसे आणि पुढाकार लेबलचा असेल तर मास्टर लेबलचं. पण बीट, कॉर्ड, हुक आपण बांधले असतील तर आपण त्या संगीताचे रचनाकारही आहोत, आणि तो हक्क वेगळा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी वगळता. तेव्हा ‘सर्व हक्क, सर्व काळ’ असं लिहिलेल्या बायआउटवर (एकरकमी करारावर) सही झाली तरी हा वाटा उरतो. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

म्हणून मी एका पानावर दोन वेगळे तक्ते करतो. पहिल्यात रचना : शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के. दुसऱ्यात मास्टर : स्ट्रीमिंगचे पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि तिथून कोणाला किती जाणार. सगळ्यांच्या सह्या, तारीख, पॅनवरचं पूर्ण नाव. रेकॉर्डिंगच्या दिवशी सगळे हसतमुख असतात, तीच वेळ बरोबर. मानधन अर्धं आधी. सुधारणा तीन फेऱ्यांपर्यंत, पुढच्या फेरीचे वेगळे पैसे. स्टेम्स शेवटचा हप्ता आल्यावरच.

डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं स्ट्रीमिंग सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममध्ये ‘प्रोड्युसर’ म्हणून नाव पडलं की पैसे येतात, हा गोड गैरसमज आहे. ते केवळ श्रेय आहे. पैसे खातेदाराला मिळतात. वाटा हवा असेल तर त्याच फॉर्ममधलं स्प्लिट (पैशांची वाटणी) भरायचं. नाव सारखं असलेल्या दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर गाणं जाऊन बसू नये म्हणून आपल्या प्रोफाइलची लिंक तिथेच द्यायची. शीर्षक देवनागरी की रोमन, एक काय ते ठरवायचं. दोन्ही लिप्या एकाच रकान्यात कोंबल्या की फॉर्म परत येतो. कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेल.

आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड त्या एका रेकॉर्डिंगचा असतो. रीमिक्स, इन्स्ट्रुमेंटल आणि एक्स्टेंडेड व्हर्जन या प्रत्येकाला नवा लागतो. डिस्ट्रिब्युटर बदलताना मात्र जुनाच कोड आणि तीच ऑडिओ फाइल न्यायची, नाहीतर स्ट्रीम्सचा आकडा शून्यावरून सुरू होतो. रचनेचा कोड वेगळा, आयएसडब्ल्यूसी. त्यासाठी मुंबईतल्या आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीची सदस्यता घेऊन गाणं तिथे नोंदवावं लागतं. तिथे नोंद केली नाही तर रेडिओ, जाहीर कार्यक्रम आणि स्ट्रीमिंगमधला रचनाकाराचा हिस्सा आपल्यापर्यंत पोचत नाही, डिस्ट्रिब्युटर कितीही चांगला असला तरी. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर ध्वनिमुद्रणाला २००० रुपये, संगीतरचनेला ५०० आणि हरकतींसाठी ३० दिवस.

अपलोड मी प्रकाशनाच्या महिनाभर आधी करतो. स्पॉटिफायच्या संपादकांना पाठवायची पिच निदान सात दिवस आधी गेली तर गाणं फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत येतं. पिच ५०० अक्षरांची असते, तिथे भावना नकोत. वाद्यं, भाषा, शहर, प्रसिद्धीचा बेत एवढं पुरे.

कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबवर आपलं गाणं आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेचा, चौकोन मात्र डोळे मिटून टिक करू नये. विकत घेतलेला लूप (तयार वाजवलेला तुकडा) व्यावसायिक गाण्यात वापरायची परवानगी असते, पण तो दुसऱ्या हजार जणांकडेही असतो. तो उघडा वाजत असलेलं गाणं नोंदवलं की दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर आपला दावा लागतो, त्यांचा आपल्यावर, आणि डिस्ट्रिब्युटर खातं गोठवू शकतो. लूप कापून, उलटून, वर चाल चढवून वापरला तरी मी तो चौकोन रिकामा ठेवतो. पॅकची पावती आणि परवान्याची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच. जुन्या मराठी गाण्याचा तुकडा घ्यायचा असेल तर रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि रचनेच्या हक्कधारकाची, अशा दोन परवानग्या लागतात. ‘फक्त चार सेकंद’ अशी कुठलीही सवलत कायद्यात नाही.

पैशांचं गणित आधीच माहीत असलेलं बरं. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम्स न झालेल्या ट्रॅकला २०२४ पासून रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही, आणि हिशेब दोन-तीन महिने उशिरा दिसतो. म्हणून माझ्या वर्षाचा आधार मानधनावर असतो, रॉयल्टी वरकड. भारतीय कंपनी मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस कापते; तो आयकर खात्याच्या कपात-नोंदीत (२६एएस) दिसतो का ते विवरणपत्र भरण्याआधी ताडून पाहायचं. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. अमेरिकेतून रॉयल्टी येत असेल तर डब्ल्यू-८बीईएन या परदेशी व्यक्तींसाठीच्या अमेरिकी कर-फॉर्ममध्ये भारताशी असलेल्या कर-कराराचा उल्लेख करायचा. मग तिथल्या उत्पन्नावर ३० ऐवजी १५ टक्के कपात होते. फॉर्म सही केल्याच्या वर्षानंतर तिसऱ्या कॅलेंडर वर्षाअखेरपर्यंत चालतो, आणि तो संपल्याची सूचना बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून राहते.