तिकिटामागची बाकी

परवा दुपारी आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सिडकोच्या चौकात सिटी बसमध्ये चढलो, तिकीट हातात पडले आणि काही विचार न करता मी ते उलटे करून पाहिले. पाठ कोरी होती. कोरीच असणार, कारण मी नेमके सुट्टे पैसे दिले होते आणि वाहकाकडे माझी कसलीही बाकी नव्हती. तरीही काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले, आणि ते कोरे तिकीट दुमडून मी मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवले. ती आणखी एक जुनी खोड.

सिडको ते अदालत रोड असा कचेरीचा प्रवास मी बावीस वर्षे केला. ज्यांनी असा केला आहे, त्यांना तिकिटाच्या पाठीचे महत्त्व निराळे सांगायला नको. सकाळी पावणेदहाच्या गर्दीत आपण नोट पुढे करायची, वाहकाने ती उभी दुमडून डाव्या हाताच्या बोटांत इतर नोटांच्या शेजारी अडकवायची, मग कानावरचे पेन काढून तिकिटाच्या मागे एक आकडा लिहायचा, त्याभोवती गोल करायचा आणि मान वर न करता म्हणायचे, “उतरताना घ्या.” एवढ्यावर तो पुढच्या बाकाकडे सरकत असे, आपला प्रवास मात्र तिथून बदलत असे. आकडा नसलेला माणूस खिडकीला डोके टेकून झोपू शकतो. आकडा असलेल्या माणसाला सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका असे एकेक ठिकाण मोजत वाहकाच्या चामडी पिशवीवर नजर ठेवावी लागते. मध्येच कोणी दोन-दोनची नाणी मोजून दिली, तर तो अनोळखी माणूस आपल्याला नातलगासारखा वाटतो आणि त्याच्या मागच्याने शंभराची नोट काढली, तर त्याच्या संस्कारांविषयी शंका येते.

खरी अडचण पुढेच असते. पैसे आपले, ते येणे असल्याचा पुरावा खुद्द वाहकाच्या हस्ताक्षरात आपल्याजवळ, आणि तरीही मागताना आवाज उसने मागणाऱ्याचा का होतो, हे मला आजवर कळलेले नाही. मी तर मनातल्या मनात वाक्याची तालीम करीत असे. “माझे आठ रुपये” म्हटले तर फार व्यवहारी वाटते, “ते जरा राहिलेले” म्हटले तर कोणाचे काय राहिले हे त्याला कळत नाही, आणि नुसते तिकीट पुढे धरले तर तो “तिकीट झालंय ना तुमचं?” असे विचारतो आणि चार माणसे वळून पाहतात.

वडिलांचे तंत्र वेगळे होते. आम्ही सिडकोतल्या एन-सहामध्ये राहत असू आणि रविवारी ते मला घेऊन सिटी बसने औरंगपुऱ्याला भाजी आणायला जात. तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचताना आकड्याची बाजू वर येईल, याची ते काळजी घेत. उतरायच्या एक थांबा आधी उठायचे, वाहकाशेजारी जाऊन उभे राहायचे, काही बोलायचे नाही, फक्त वेळ पाहिल्यासारखे मनगट त्याच्या डोळ्यांसमोर आणायचे, अशी त्यांची रीत होती. बहुतेक वेळा वाहक समजून घेत असे. एका रविवारी मात्र दाराशी एवढी रेटारेटी झाली की आम्ही दोघे थेट फुटपाथवरच येऊन पडलो आणि घंटी वाजवून बस निघून गेली. मला वाटले, वडील धावतील. ते जागेवर उभे राहिले, पट्ट्यातून तिकीट काढले, आकडा एकदा वाचला आणि शर्टाच्या खिशात, पेनाच्या मागे, जपून ठेवले. संध्याकाळी घरच्या हिशेबाच्या वहीत त्यांनी लिहिले, “सिटी बस, येणे, रु. ३.५०.” ते हिशेबनीस होते. पुढे महिना बदलला की ती रक्कम इमानेइतबारे नव्या पानावर ओढली जाई. किराणा, दूध आणि घरभाडे यांच्या खाली ते साडेतीन रुपये कोणाचे काही न बिघडवता बसून असत. आई म्हणायची, एवढ्याची तर शाई झाली असेल. दिवाळीला वडिलांनी त्याच्यापुढे तांबड्या शाईने “बुडीत” असे लिहिले, आणि त्या दिवशी ते खरोखर थोडे गप्प होते.

त्यांच्या या काटेकोरपणाचे मूळ कदाचित आजोबांमध्ये असावे. आजोबांचे तरुणपण निजामाच्या राज्यात गेले. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली होती आणि आजोबा तिला शेवटपर्यंत “सरकारी मोटार” म्हणत. त्या काळी आपल्याकडे निजामाचा हाली शिक्क्याचा रुपया चाले. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, आणि तिथे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. सहा कलदारांना सात हाली, असा तो भाव. नगरकडचा पाहुणा आला आणि त्याने कलदार काढला की मोड देणाऱ्याला आधी डोक्यात सहा-साताचा पाढा म्हणावा लागे आणि तो चुकला तर भांडण ठरलेले. आजोबा हे सांगत तेव्हा मला वाटे, बिचाऱ्यांना तिकिटामागे लिहून देण्याची युक्ती सुचली नसावी.

बाकी देण्याचा आणखी एक प्रकार होता आणि तो मला सर्वांत आवडत असे. वाहकाकडे दोघांचे मिळून दहा-वीस रुपये निघत आणि सुट्टे अजिबात नसत, तेव्हा तो एकच नोट एकाच्या हातात ठेवी, दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि म्हणे, “तुम्ही दोघं खाली वाटून घ्या.” झाले! ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही अशा माणसाशी आपली भागीदारी सुरू. एकदा क्रांती चौकात मी असाच एका धोतर-टोपीतल्या गृहस्थाबरोबर उतरलो. ते बीडकडचे होते आणि कोर्टाच्या तारखेला आले होते. वीसची नोट माझ्या मुठीत होती, त्यामुळे ते माझ्यापासून हातभरही दूर जायला तयार नव्हते आणि त्यांचा काही दोष नव्हता. पानटपरीवाल्याने नोट पाहून मान हलवली, फळवाल्याने “काहीतरी घ्या, मग मोडतो” म्हटले. शेवटी आम्ही चहा घेतला. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर दोघांनी आग्रह केला, नोट मोडली, चहाचे पैसे गेले, आणि उरलेल्या नाण्यांची वाटणी करताना ते म्हणाले, “तुम्हाला उशीर होऊ लागलाय, ठेवा तुम्हीच.” मी ठेवले नाहीत. पण त्यांच्या जमिनीच्या दाव्याचे पुढे काय झाले, हे मनात अजून येते.

आता हे सारे कमी झाले आहे. चार आण्याचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, आणि ते गेले तेव्हा बसमध्ये त्याला कोणी विचारीतही नव्हते. स्मार्ट सिटी योजनेखाली स्थापन झालेल्या कंपनीने जानेवारी २०१९ पासून शहरात स्मार्ट बस सुरू केली. तेव्हापासून आमची सिटी बस कायद्याने कंपनीची झाली, असे म्हणायला हरकत नाही. मात्र या शहरात कंपनीची बस म्हटले की अजूनही डोळ्यांसमोर येते ती पाळीच्या वेळेला वाळूजकडे जाणारी कारखान्याची बस. तिच्यात तिकीटच नसते, मग पाठीचा प्रश्नच नको. एसटीने मात्र जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीत पहिल्या टप्प्याचे १० रुपयांचे ११ केले आणि वाहक व प्रवासी यांच्यातील तो जुना एक रुपयाचा तंटा पुन्हा जिवंत केला, याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. बाकी सगळीकडे मोबाइल पुढे करायचा, टुंग असा आवाज ऐकायचा आणि मोकळे व्हायचे. कोणी कोणाचे काही लागत नाही.

म्हणून परवा परतीच्या वाटेवर मी एक खोडसाळपणा केला. खिशात सुट्टे असताना पन्नासची नोट काढली आणि शक्य तितका निरागस चेहरा करून पुढे धरली. वाहक पंचविशीतला मुलगा होता. त्याने यंत्रातून तिकीट काढले, नोट घेतली आणि पेनासाठी खिशाकडे हात नेईल म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्याने पिशवीत हात घातला आणि पाचची, दोनची, एकची नाणी मूठभर काढून माझ्या ओंजळीत ओतली.

“बरं झालं काका,” तो म्हणाला, “सकाळपासून ही चिल्लर कोणी घेईना.”

उतरलो तेव्हा सदऱ्याचा एक खिसा पार खाली ओढला गेला होता, आणि मोजून पाहिल्यावर एक रुपया जास्त निघाला. मी वळून पाहिले. बस तोवर चौक ओलांडून गेली होती. घरी आल्यावर वडिलांची जुनी वही शोधली, पण ती कोणी रद्दीत दिली असावी. तिकिटाची पाठ अजून कोरीच होती, म्हणून तिच्यावर “देणे, रु. १” असे लिहून ठेवले आहे.