तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटर एवढा वेगवान, मग डोकं कशाला लावायचं?

तालुक्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. मुलांचे वडील भेटले की एक प्रश्न हमखास येतो. मागच्या आठवड्यात वरुडच्या बाजारात एका काकांनी पुन्हा विचारला. "मॅडम, कॉम्प्युटर तं सेकंदात कोट्यवधी हिशेब करते. मंग पोट्टे वर्षभर अल्गोरिदम काऊन शिकून रायले?"

अल्गोरिदम म्हणजे एखादं काम करायची पायरीपायरीने ठरवलेली रीत. प्रश्न रास्त आहे. उत्तर मला माझ्या भावाच्या दुधाच्या गाडीने शिकवलं.

तो रोज सकाळी गावोगावचं दूध गोळा करतो. घर धरून १५ थांबे. मे महिन्यात नऊ वाजताच ऊन चटके देतं, उशीर झाला की दूध नासतं. "ताई, सगळ्यात जवळचा फेरा काढून दे ना," तो म्हणाला. मी गावागावांमधली अंतरं वहीत मांडली आणि प्रोग्राम लिहिला: सगळे क्रम तपासायचे, सर्वांत छोटा ठेवायचा. ८ थांबे देऊन पाहिले, २,५२० फेरे, उत्तर तत्काळ. १० थांब्यांना १,८१,४४० फेरे, तेही झटकन. मग १५ दिले आणि झोपले. सकाळी भाऊ गाडी घेऊन निघूनही गेला, लॅपटॉप तपासतच होता. १५ थांब्यांचे फेरे ४,३५८ कोटींच्या वर जातात. पाच थांबे वाढले आणि काम दोन लाखांहून जास्त पटींनी वाढलं. नवा, दहापट वेगवान लॅपटॉप आणला असता तरी आणखी एखाद-दुसरं गाव वाढताच तोही तिथेच अडकला असता.

हा प्रश्न जुना आहे. १९६२ साली बेलमन या गणितज्ञाने, आणि स्वतंत्रपणे हेल्ड व कार्प या संशोधकांनी, त्यावर जी वाट काढली ती मला आजही फार सुंदर वाटते. समजा गाडी घरून निघाली, जरूड, बेनोडा आणि लोणी करून आता पुसल्याला उभी आहे. पुढची १० गावं कशी घ्यायची, याच्याशी मागे जरूड आधी झालं की बेनोडा, याचा काही संबंध आहे का? अजिबात नाही. मागची तीन गावं सहा प्रकारे घेता येतात. त्यातला सर्वांत छोटा एक ठेवा, पाच सोडून द्या. त्या पाचांपैकी प्रत्येकाच्या पुढे ३६,२८,८०० क्रम लटकलेले होते. ते न बघताच गेले, आणि त्यात आपलं उत्तर हरवलं नाही याची खात्री आहे. उत्तम फेऱ्याची सुरुवात त्या पाचांपैकी एखाद्याने झाली असती, तर ती बदलून छोटी सुरुवात लावता आली असती आणि फेरा आणखी छोटा झाला असता. प्रत्येक टप्प्यावर असंच केलं की काम उरलं फार तर ७४ लाख पायऱ्यांचं. मशीन तेच, गावं तीच.

म्हणून मी काकांना म्हटलं, मुलं वेगाने मोजायला शिकत नाहीत. काय मोजायचंच नाही ते ओळखायला शिकतात, आणि ते सोडल्याने काही बिघडत नाही हे सिद्ध करायला.

सोडून देणं प्रत्येक ठिकाणी एवढं सोपं नसतं, आणि कुठे सोपं आहे ते वरून दिसतही नाही. एका विहिरीवरून शेतांना पाइप न्यायचाय. विहीर धरून २० ठिकाणं, कमीत कमी पाइप लागला पाहिजे, आणि जोड फक्त त्या २० ठिकाणीच द्यायचे. जोडण्याचे प्रकार किती? २,६२,१४४ लिहून पुढे १८ शून्यं द्या, तेवढे. दुधाच्या गाडीचंच भावंड वाटतं ना? पण इथे प्रत्येकाने आपल्या सर्वांत जवळच्याला जोडून घ्यायचं, मग जुळलेल्या गटांनी जवळच्या गटाला, बस. उत्तर अचूक येतं. बोरुव्का या गणितज्ञाने १९२६ साली मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा भाग) विजेच्या जाळ्यासाठी ही रीत काढली, तेव्हा कॉम्प्युटर नव्हताच. दुधाच्या गाडीला मात्र ही 'जवळचं आधी घ्या' अशी हाव चालत नाही. जवळचं गाव, मग त्याच्या जवळचं, असं करत गेलात की शेवटी एखादं लांबचं गाव मागे राहतं आणि तेवढ्यासाठी अख्खा हेलपाटा पडतो. गावं कितीही वाढली तरी अचूक उत्तर झटपट देईल अशी रीत त्या फेऱ्याला आजवर कुणाला सापडलेली नाही. ती असूच शकत नाही, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. हे वर्गात सांगताना मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

जुलैत एकदा पहाटे पाचला फोन वाजला. "ताई, पुसल्याकडचा नाला भरला, गाडी जात नाई." मी वहीतलं ते एक अंतर बदललं, लांबच्या पुलावरून जाण्याचं टाकलं आणि बेलमन-हेल्ड-कार्पच्या रीतीने लिहिलेला प्रोग्राम पुन्हा चालवला. त्याने कॅन गाडीत चढवायच्या आत नवा फेरा त्याच्या मोबाइलवर गेला होता.